वडीच्या पोटातला सांभार

साताऱ्याहून बदली होऊन दिग्रसला आले, त्याच महिन्यात शाळेच्या मैदानावर बचत गटांचा खाद्य महोत्सव भरला. गावात ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून एकटीच गेले. एका स्टॉलवर 'सांभारवडी' असं लिहिलं होतं. तिथल्या बाई प्रत्येक वडी कढईत सोडण्याआधी हलकेच थोपटत होत्या, तान्ह्या लेकराला झोपवावं तशा. मी प्लेट घेतली. वडी होती, कढी होती. थोडा वेळ वाट पाहून विचारलं, "आणि सांबार?"

बाईंचा झारा कढईवरच थांबला. "पोटात हाय ना बाई, वडीच्या."

मी वडी फोडली. आत कोथिंबीरच कोथिंबीर. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे थांबेनात. मग शेजारच्या स्टॉलवरच्या बाईला त्या म्हणाल्या, "अवं, ह्या मॅडम सांभार खाता खाता सांभार मांगून राह्यल्या." त्या दोघी हसल्या, मीही हसले. माझा घास गिळून होईपर्यंत बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि न मागता त्यांनी आणखी एक वडी वाढली.

"आता नाही इसरसान तुमी."

दिवाळीत साताऱ्याला गेले. आईनं भाजी आणायला धाडलं. मंडईत मी सवयीनं म्हणाले, "एक जुडी सांभार द्या." भाजीवाल्यानं समोरच्या इडलीच्या गाडीकडे बोट दाखवलं. भर मंडईत मी ओढणी तोंडाला लावली, पण खांदे काही थांबेनात.