मालोजीचं कोरं बोट

चाकणजवळच्या एका गावात मालोजी हा बैलगाडा शर्यतीचा पंच. गाडे पळतात त्या चढाच्या, म्हणजे घाटाच्या माथ्यावर निशाण घेऊन उभा राहायचा. तो निकाल देणार आणि गाव मान डोलावणार! सख्ख्या मेव्हण्याचा गाडा त्यानं बाद केला होता. तेव्हापासून मेव्हणा त्याच्याकडे जेवायला येत नसे, याचाही त्याला अभिमान.

सत्तावन सालची निवडणूक आली आणि गाव मधोमध चिरलं. संयुक्त महाराष्ट्र समितीवाले काँग्रेसवाल्यांच्या विहिरीचं पाणी पिईनात, काँग्रेसवाले समितीवाल्यांच्या मयतालाही मुद्दाम उशिरा जाऊ लागले. त्यात काँग्रेसची निशाणी बैलजोडी! समितीचे हिंदुराव म्हणाले, "माल्या, जल्म बैलांत गेला तुझा. मत कुठं जानार ते आंधळ्याला बी दिसतंय."

काँग्रेसचे रंगराव म्हणाले, "गेल्या जत्रंत माझा गाडा बाद केलास. तू आमाला मत देनार व्हय?"

दोघांचा असा संशय म्हटल्यावर आपलं निशाण जाणार, या धास्तीनं मालोजीची झोप उडाली. मग त्यानं डोकं चालवलं, तिथंच चुकला. पंचानं मतच देऊ नये! मतदानादिवशी गडी दिवसभर रानात कांदे काढत बसला आणि सांजेला पारावर येऊन शाई न लागलेलं बोट ऐटीत दाखवू लागला.

"शाई पुसली!" हिंदुराव कडाडले. "दोनदा मत टाकलंय बैलजोडीला!"

"आमाला न्हाई, तुमाला!" रंगराव उसळले.

एकानं तर बोट हुंगलं. त्याला म्हणे शाई पुसायला लावतात त्या रुईच्या चिकाचा वास आला. मालोजीला भर पारावर रडू फुटलं. बिचाऱ्याचं फार वाईट झालं.

चैत्रात जत्रा आली. निशाण कुणाच्या हातात द्यायचं? हिंदुराव ज्याचं नाव घेत, त्याला रंगराव नाक मुरडत. रंगरावांचा माणूस हिंदुरावांना चालेना. ऊन डोक्यावर आलं, बैल कावले, पण एकही गाडा सुटेना. शेवटी हिंदुरावच वैतागून म्हणाले, "माल्यालाच द्या. त्यो लबाड हाय, यावर तरी आपलं दोघांचं एकमत हाय."

रंगराव तिथल्या तिथं कबूल.

मालोजीनं निशाण घेतलं, पण मान वर होईना. बायको मंजुळाबाई भाकरी घेऊन आली होती. तिनं मतदानादिवशी निमूट जाऊन मत दिलं होतं. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"कुनाला दिलंस गं?" त्यानं हळूच विचारलं.

"पेटीला," ती म्हणाली. "तुमी बी द्यायचं हुतं. शिव्या तेवढ्याच पडल्या असत्या, मत तरी वाया गेलं नसतं."