सहाव्या मजल्यावरचं मोजमाप

नोएडातल्या आमच्या ऑफिसात मी आणि माझा एक सहकारी जवळजवळ दोन वर्षं एकच प्रश्न घेऊन बसलो होतो. आमची कंपनी पाण्याच्या मीटरवर बसवायचे छोटे बिनतारी डबे बनवायची. घराघरातल्या मीटरचा आकडा या डब्यांनी हवेतून गच्चीवरच्या मोठ्या डब्याकडे पाठवायचा. पण शेजारशेजारचे डबे एकाच वेळी बोलायला लागले की कुणाचंच धड पोचत नसे. म्हणून प्रत्येक डब्यानं मधूनमधून कान देऊन मोजायचं, आपल्याला इतरांचा किती अडथळा होतोय ते. आणि ऐकायलाही बॅटरी लागते. लोकांना वाटतं, बोलण्यात शक्ती जाते, ऐकण्यात काय जातंय? आमच्या डब्यांच्या बॅटऱ्या ऐकण्यातच संपत होत्या.

सहकारी दिल्लीतच वाढलेला. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे सगळं लहानपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. घरात मराठी, बाहेर हिंदी. ‘अडथळा’ त्याला कळायचा, ‘अडसर’ म्हटलं की तो माझ्याकडे बघत राहायचा. मी लग्न करून पुण्याहून आलेली. त्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून एकमेकांना धरून होतो.

कल्पना त्याचीच. “सगळे जागे कशाला पाहिजेत, यार?” एकदा जेवताना तो म्हणाला. “एक जागेल, बाकीचे झोपतील. जागा असेल तो मोजून सगळ्यांना सांगेल. आणि मागच्या वेळेपेक्षा काही बदललंच नसेल, तर पुढची झोप अजून लांब.”

ऑफिसात याची चाचणी घेणं शक्य नव्हतं. तिथे फोन, वायफाय, लिफ्ट, सगळ्यांचा गोंगाट. आधी शांत जागा हवी होती, जिथे फक्त आमच्याच डब्यांचा एकमेकांना होणारा त्रास मोजता येईल.

“माझा फ्लॅट आहे ना,” मी म्हणाले.

ग्रेटर नोएडाच्या वाटेवर आम्ही नवराबायकोनं फ्लॅट बुक केला होता. टॉवरचा सांगाडा वरपर्यंत उभा राहिला होता, भिंतीही झाल्या होत्या. पझेशन पुढच्या दिवाळीला, असं बिल्डर सांगत होता. मला ही जागा फारच सोयीची वाटली. आधी रिकाम्या इमारतीत मोजू, मग हळूहळू लोक राहायला येतील, तसतसा अडथळा वाढेल, तोही मोजू. शेवटी आम्हीच राहायला येऊ.

पहिल्यांदा गेलो तेव्हा चौकीदाराला ऑफिसचं पत्र दाखवून जिन्यानं सहाव्या मजल्यावर चढलो. दारं नव्हती, खिडक्यांच्या जागी भोकं होती, जमिनीवर सिमेंटची धूळ. मी पुढे जाऊन मागे वळून पाहिलं, तर हा दाराच्या चौकटीबाहेर बूट काढत उभा.

“अरे, राहू दे. पाय खराब होतील.”

“तुझं घर आहे ना,” तो म्हणाला आणि नुसत्या मोज्यांवर आत आला.

मी त्याला सगळं दाखवलं. इथे ओटा, इथे मुलांची खोली, इथून संध्याकाळचं ऊन येईल. मग आम्ही वरच्या-खालच्या मजल्यांवर डबे लावत फिरलो.

आकडे सुरेख यायला लागले. आम्ही मधूनमधून लॅपटॉप घेऊन जायचो आणि डब्यांनी साठवलेलं उतरवून घ्यायचो. दिवसा थोडी हालचाल दिसायची, कारण मजुरांकडे मोबाईल होते, खाली मशिनं चालायची. बाकी वेळ डबे झोपलेले. साहेब खूश होते. हे डबे बॅटरी न बदलता वर्षानुवर्षं चालतील, असं मीटिंगमध्ये सांगायला लागले.

मग एका थंडीत, माझ्या फ्लॅटमध्ये बसून, तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, “अगं, दिवसाचे स्पाइक्स गेले.”

“म्हणजे?”

“रेषा बिल्कुल फ्लॅट आहे बघ. गेल्या वेळेपासून. दिवस-रात्र सारखंच.” त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “इथे आता कोणी येतच नाहीये.”

मी खिडकीच्या भोकातून खाली पाहिलं. मजुरांच्या झोपड्यांवरचे पत्रे काढून नेलेले होते. चढून येताना ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. “गावी गेले असतील,” तो म्हणाला. “थंडीत काम थांबवतातच.” मीही मान डोलावली. उन्हाळ्यात गेलो तर चौकीदारही नव्हता. रेषा तशीच सपाट.

त्याच उन्हाळ्यात साहेबांनी डबे माणसं राहत असलेल्या एका सोसायटीत लावायला सांगितले. तिथे आमची सगळी युक्ती कोसळली. कुणी वायफाय लावतंय, कुणाचा कॉर्डलेस फोन, कुणाचा मायक्रोवेव्ह. क्षणाक्षणाला काहीतरी बदलायचं, त्यामुळे डब्यांना झोपच लागेना. बॅटऱ्या आधीपेक्षाही लवकर संपल्या. आम्ही नियम ढिले केले, तर मोजमाप चुकायला लागलं. आवळले, तर बॅटरी जायची. महिनोन्महिने हेच. शेवटी एका मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “रिकाम्या बिल्डिंगमध्ये चालणारी वस्तू विकायची कुणाला?” काम बंद झालं. ते चूक बोलले नव्हते.

सहकाऱ्याला दुसऱ्या टीममध्ये टाकलं. पुढे तो बंगळूरला गेला. निघायच्या आदल्या दिवशी खालच्या टपरीवर चहा घेतला.

“घराचं काय?” त्यानं विचारलं.

“नाही झालं अजून.”

“होईल, यार,” तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

डबे काढून आणायला मी नवऱ्याबरोबर गेले. जिन्यात कबुतरांची घाण साचली होती, उघड्या सळ्या गंजल्या होत्या. डब्यांच्या बॅटऱ्या जवळजवळ भरलेल्याच निघाल्या. नवरा आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीला हात लावून उभा राहिला, मग म्हणाला, “चल.”

नंतर बिल्डरच्या ऑफिसला कुलूप लागलं. फ्लॅट घेतलेल्यांनी मिळून केस केली, दर रविवारी इमारतीच्या गेटसमोर जमायचं ठरवलं. नवरा फलक घेऊन जायचा, घसा बसवून परत यायचा. सुरुवातीला खूप लोक असत. पुढे कुणी बदली होऊन गेलं, कुणी आजारी पडलं. केसला तारखांवर तारखा पडत गेल्या. पुण्याहून सासूबाई फोनवर विचारायच्या, “वास्तुशांत कधी गं? मला आधी सांगा, तिकिटं काढायला.” काही वर्षांनी त्यांनी विचारणं सोडलं. आम्हीही विषय काढला नाही.

आम्ही अजून भाड्यानंच राहतो. ही तिसरी जागा, आणि हाही घरमालक आता मुलाच्या लग्नानंतर जागा लागेल, असं बोलायला लागला आहे. मागच्या एका रविवारी नवरा उठला, दाढी केली, पण गेटकडे जायला निघाला नाही. वॉशिंग मशिनमध्ये कपडे टाकले, बटण दाबलं आणि समोर स्टूल घेऊन बसला. मी कांदा चिरायला घेतला.