केसपेपरवर लिहिलेला कौल

"पॅनिक डिसऑर्डर," डॉक्टर आईला म्हणाले. "ईसीजी नॉर्मल आहे. हृदयाला काही झालेलं नाही."

पॅनिक डिसऑर्डर म्हणजे धोका नसताना शरीर घाबरून उठतं. छाती धडधडते, हात बधिर होतात, आता मेलोच असं वाटतं. मला हे कामतघरच्या कापड कारखान्यात, लूमवर, भर शिफ्टमध्ये झालं.

गोळ्या मिळाल्या. काउन्सेलरची वेळ चार दिवसांनी होती. चळवळीची पत्रकं लिहायची सवय, म्हणून बाकावर बसून त्याला द्यायला कागद लिहिला. पहिलं वाक्य: मला मुलगे आवडतात, घरी माहीत आहे.

काउन्सेलरने कागद वाचून उलटा ठेवला. "कुलदैवत कोणतं?"

"एकवीरा आई."

"नवस राहिलाय का काही?"

किळस आली. भगत निदान भगत म्हणूनच बसतो. हा गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड घालून बसला होता. आईला आत बोलावून त्याने केसपेपरवर लिहून दिलं: गावदेवीला कौल लावा, पोराचं लग्न होईल का विचारा. उजवा आला तर गोळ्या बंद. तोवर याने पालखीला शिवायचं नाही.

कौल म्हणजे मूर्तीला फुलं चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं की देवीचा होकार.

पालखीला मी सोळाव्या वर्षापासून खांदा देतोय. चळवळीतले मित्र म्हणाले, "बरंच झालं, सुटलास देवबिवातून." त्यांचीही किळस आली. माझं काय काढून टाकायचं, हे दोन्हीकडचे मला न विचारताच ठरवत होते.

आई शेलार गावातल्या गावदेवीच्या देवळातून कौल लावून आली आणि माझ्यापुढे गोळ्यांचं पाकीट ठेवलं.

"काय पडलं?"

"उजवं."

"मग बंद ना?"

"मी लग्नाचं इचारलंच न्हाय. पोराच्या गोळ्या चालू ठेवू का, येवढंच इचारलं. घे पाणी."

माझ्यासारख्या सगळ्यांना सांगतो: गोळी चालू-बंद करणं डॉक्टरचं काम. काउन्सेलर तुम्हाला सुधारायला निघाला, तर उठून बाहेर या आणि लेखी तक्रार द्या. मी दिली. "हेतू चांगला होता," असं हॉस्पिटलचं उत्तर आलं. थू.

आता ठाण्याला दुसऱ्या काउन्सेलरकडे, एका बाईंकडे जातो. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "देवाबद्दल बोलायचं की नाही, ते तू ठरव."

तिसऱ्या भेटीत मी अर्धा तास फक्त देवीबद्दल बोललो. बाईंनी ऐकून घेतलं, लिहून काहीच दिलं नाही. त्यांचे उपकार मानतो.