अडतीस अंशांचा टँजंट

मास्तरांचा रूळ माझ्या बोटांवर बसला. "लांबूनच विचार. तुला आकडा लागतो, पुस्तक नाही."

साइन, कोसाइन, टँजंटच्या कोष्टकांचं वर्गात एकच पुस्तक. ते बाकाबाकावरून फिरे, माझ्यापाशी येत नसे. मी सोलापुरातल्या महारवाड्यातला. दारापाशी वेगळा बसायचो. मी उभा राहून कोन सांगायचा, आणि पहिल्या बाकावरच्या वकिलांच्या मुलानं आकडा वाचून दाखवायचा. तो माझ्याच वयाचा. तो मला अरेतुरे करी, मी त्याला अहोजाहो. "काय अंशराव, आज किती अंशांची भीक वाढू?" वर्ग हसे. मास्तर हसत. मीही हसायचो. त्या हसण्याचीच आज सगळ्यात जास्त चीड येते.

मॅट्रिकला कुणाला बसवायचं ते ठरवणारी शाळेची परीक्षा आली. गणित गिरणीच्या धुराड्याचं. शंभर फुटांवरून त्याचं टोक अडतीस अंशांवर दिसतं, तर उंची किती? मी अडतीसचा टँजंट विचारला.

"एक पॉइंट दोन सात नऊ नऊ."

म्हणजे जवळजवळ एकशे अठ्ठावीस फूट. लिहिता लिहिता हात थांबला. कोन पंचेचाळीस अंशांचा असेल तर उंची अंतराएवढीच. इथं कोन त्याहून लहान. मग धुराडं शंभर फुटांच्या वर जाईलच कसं?

आकडा खोटा होता. आधीच्या चाचण्यांतही माझी रीत बरोबर आणि उत्तर चूक निघालं होतं. ह्यांची डोकी गणिताला चालायची नाहीत, असं मास्तर म्हणाले होते. मी ते खरं मानलं होतं.

मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "वकिलांचा मुलगा खोटा आणि तू खरा?"

मी उठलो. पहिल्या बाकापाशी गेलो. पुस्तक उचललं. अडतीस अंश. टँजंट, पॉइंट सात आठ एक तीन. मोठ्यानं वाचलं. त्यानं शेजारचा कोटँजंटचा रकाना वाचला होता.

आकड्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. मास्तरांनी शिपायाला पाणी आणायला धाडलं, पुस्तकावर शिंपडायला. मला म्हणाले, माफी माग, मगच पेपर पुरा कर.

आई गिरणीत कापसाच्या धुळीत खोकत होती, मी मॅट्रिक व्हावं म्हणून. तरी मी माफी मागितली नाही. मास्तरांनी पेपर काढून घेतला.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "साल गेलं तर जाऊ दे. पर त्याच्या तोंडचा आकडा पुन्यांदा घिऊ नगंस."

साल गेलं. दुसऱ्या शाळेतून मॅट्रिक झालो, पुढे पदवीधर. आईचे उपकार फिटायचे नाहीत. लोक म्हणतात, टँजंट शिकवला त्या मास्तरांचेही आभार मान. मानत नाही.

आजही कुणी आमच्याविषयी ग्रंथात काय लिहिलंय ते लांबून वाचून दाखवतं. मी ग्रंथ मागतो. दिला नाही, तर उठून घेतो.