पुस्तकातून निघालेली बैलजोडी

आमची सून नीलिमा पुस्तक वाचून बैल चालवते. हसा, हसा! मीबी हसलीच व्हती.

गुडीहत्नूरच्या स्टँडजवळ एका दुकानात ती कंप्युटरवर बसते, लोकाइचे फारम भरून देते. तिथंच तिच्या डोक्यात शिरलं, वेबसाइटवर जी चित्रं हालतात-डोलतात, तशी आपन काऊन नाही बनवायची? क्लास हैदराबादले. मंग माझा पोरगा राजकुमार तिथल्याच कोठीच्या जुन्या पुस्तकाइच्या बाजारातून उशीएवढं जाड पुस्तक घेऊन आला. सारं इंग्रजीत. ही शिकलेली तेलुगूत अन् घरात बोलते मराठी. तरी एकेका ओळीवर पेन्सिलीनं अर्थ लिहीत बसायची. पहिल्या धड्यात चेंडू उडवायचा व्हता. कितीक दिवस तो चेंडू काही उडेना. मी म्हनलं, "बाई, तव्यावरची भाकर करपली, पन तुझा चेंडू जागचा हालला नाही." ती म्हने, "आत्याबाई, पुस्तक जुनं हाय. त्यात बटन डावीकडं अन् माझ्या लॅपटॉपवर उजवीकडं. सापडंल." चिडत नाही ही पोरगी, हाच तिचा मोठा गुन. मी असती त पुस्तक चुलीत घातलं असतं. शेवटी बटन सापडलं अन् चेंडू उडला.

आता घरातलं खरं दुखनं सांगते. आमच्या मालकाइले गाव लक्ष्मणराव म्हन्ते, मी काही नाव घेत नाही. त्याइची हौश्या-पाखऱ्याची बैलजोडी म्हातारी होऊन एकाच उन्हाळ्यात मागोमाग गेली. राजकुमारनं ट्रॅक्टर आनला. शेत झकास चाललं, पन पोळा आला की हा मानूस ताटावर बसेना. बैलाइले निवद चारल्यावर मंगच घरधन्यानं पुरनपोळी खायची, हा आमचा रिवाज. म्हनायचे, "ज्याइनं मेहनत केली ते नाहीत, अन् मी कसा जेवू?" मातीचे बैल मांडून पाह्यले, त म्हने, "मातीनं कधी वखर वढला काय?" दोन पोळे असेच गेले. सनाच्या दिशी नवरा उपाशी, मंग माह्या घशाखाली घास उतरंल काय? लय जीव तुटायचा माझा.

एक दिवस नीलिमा म्हने, "औंदा मामाजी जेवतील."

"तुझा चेंडू पाहून?" मी म्हनलं.

ती कामाले लागली. राजकुमारच्या मोबाइलात जोडीचा वखर वढतानीचा व्हिडिओ व्हता. पन चालवायचा धडा पुस्तकात घोड्याचा. घोड्याची चाल बैलाले लावली, त पाखऱ्या वरातीतल्या घोड्यावानी नाचाले लागला! करायले गेली गनपती अन् झालं माकड. हसून हसून माझं पोट दुखलं. मंग तिनं घोडा सोडला अन् व्हिडिओ थांबवून थांबवून एकेक पाऊल काढलं.

पोळ्याच्या सकाळी तिनं लॅपटॉप ओसरीवर मांडला. "मामाजी, पाहा बरं." मालक नाखुशीनंच वळले. हौश्या मान झटकत चालला व्हता, पाखऱ्या मागचा पाय जरासा घासत. माय वो, अगदी तेच! माह्या डोळ्यात पानी आलं. मालक उठले, जवळ गेले, अन् असे कडाडले म्हन्ता!

"पोळ्याच्या दिशी माह्या बैलाच्या खांद्यावर जू ठेवलं कोनी?"

नीलिमाचं तोंड एवढंसं झालं. व्हिडिओत जू व्हतं, तसंच तिनं चित्रातबी काढलं. पोळ्याले बैल जुंपत नाहीत, हे लेकरालेबी मालूम. पन दारात बैल नाही, त आमाले कोनालेच सुचलं नाही. झालं, म्हनलं, औंदाबी उपास.

पन तिचा आवडता धडा कामी आला. एकेक चीज वेगळ्या थरावर काढायची, काचेवर काच ठेवल्यावानी. जू असंच वेगळं काढलेलं व्हतं. तिनं बटन दाबलं अन् जू गेलं, वखर गेला. खांदे मोकळे झाले.

मालक खाली बसले. राग उतरला. बैल मात्र आपले चालूनच राह्यले व्हते.

"थांबव वो त्याइले," मालक हळूच म्हने. "सनाच्या दिशी किती चालवशीन?"

तिनं बैल उभे केले. "आता काय करू, मामाजी?"

"आता काय? निवद."

मी सैंपाकघरातून पाहून राह्यली व्हती. सासरा अन् सून डोक्याले डोकं लावून बसलेले. हे सांगत, "अशी एकदम मान घालत नाही तो. पाखऱ्या आधी हुंगते, मंग खाते." ती काढे, खोडे, पुस्तकाचं पान उलटे. पुरन थंड झालं, उन्हं कलली. गावातले बैल घुंगरं वाजवत पोळ्याच्या तोरनाखाली जमाले गेले, तरी दोघं जागचे उठले नाही. शेवटी हौश्यानं मान खाली घातली. पाखऱ्यानं आधी हुंगलं, मंग पोळी उचलली. चित्रातलं ताट रिकामं झालं.

मालकानं हात जोडले. डोळे पुसले, आमच्यापासून लपवलेबी नाही. मंग माझ्याकडं वळून म्हने, "जेवले ते. आता मले वाढ."

मी ताट घेतलं, पुरनपोळी वाढली, पन तूप मात्र नीलिमालेच वाढाले लावलं.