आमचा गेलेला नंदू मॅटिनीला परत आला

आमच्या घरात एका धडधाकट, जिवंत मुलासाठी दर सर्वपित्रीला घास ठेवायची पद्धत होती. मुलगा आमचा नव्हता, नात्यातलाही नव्हता. सिनेमातला होता. आणि त्याला मारलं होतं मी!

त्याचं असं झालं. लग्न होऊन मी नाशिकला पंचवटीत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. (हा आजार पुढे बरीच वर्षं टिकला.) सासूबाई मूळच्या सायखेड्याच्या, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. सिनेमाबद्दल आत्याबाईंचं मत ठाम होतं. "अंधारात बसून लोकाच्या दुःखाला रडायचं? घरात काय कमी हाय?" त्यामुळे सिनेमा पाहायचा तर चोरून. एका दुपारी त्या कीर्तनाला गेल्या आणि मी शेजारच्या लताबाईंबरोबर भाजी आणायला म्हणून निघाले, ती थेट मॅटिनीला जाऊन बसले.

काय सिनेमा होता तो! सीमेवरचं गाव. लढाई सुरू झालेली. नंदूचा बाप फौजेच्या ट्रकमध्ये बसून निघून गेलेला आणि मागे राहिलेत त्याचे जुने बूट. बारा वर्षांचा नंदू त्या बुटांत चिंध्या कोंबून चालतो. सुरुवातीला भोवरा फुटला म्हणून भोकाड पसरणारा हाच पोरगा पुढे खळ शिजवून खिडक्यांना काळे कागद चिकटवतो, रेशनच्या रांगेतली आपली जागा एका म्हातारीला देतो, आणि आईसमोर रडायचं नाही म्हणून गोठ्यात जाऊन म्हशीसमोर रडतो. शेवटी धुक्यात, चौकीवर निरोप पोचवायला, बापाचे बूट घालून तो एकटा पुलावर निघतो. टप, टप, टप! मी पदराचा बोळा तोंडात कोंबून रडत होते. नंदू पुलाच्या मध्यावर आला आणि लताबाईंनी माझा दंड धरला.

"अगं सुमन, कीर्तन सुटलं असेल!"

नंदू राहिला पुलावर आणि मी चपला हातात घेऊन घाटावरून पळत घरी.

आत्याबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझी पिशवी घेतली, उलटी केली. त्यातून भाजी पडली नाही, तिकिटाचा फाटका तुकडा पडला.

"ही कोनती भाजी म्हनायची?"

"आत्याबाई, रागावू नका. आधी गोष्ट तर ऐका!"

मग मी गोष्ट सांगायला लागले. आधी उभ्याने, मग बसून, मग हातवारे करून. म्हशीजवळचं रडणं आलं तेव्हा आत्याबाईंचा हात तांदळातच थांबला.

"मंग?"

"मग तो पुलावर आला."

"मंग?"

आता खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. 'पुढचं पाहिलं नाही, तुमच्या भीतीने पळत आले.' पण इतकी रंगलेली गोष्ट अशी अर्ध्यावर टाकायची?

"मग पूल उडाला," मी म्हटलं.

"आगं माय! आन् पोरगं?"

"पाण्यावर नुसता एक बूट तरंगत होता."

(फौजी बूट पाण्यावर तरंगत नाही, हे पुढे माझ्या मुलाने मला सांगितलं. तोवर फार उशीर झाला होता.)

आत्याबाई ढसाढसा रडल्या. भाजीचं विसरल्या, तिकिटाचं विसरल्या, वर मला चहा करून दिला. मला वाटलं, जिंकले! मूर्ख पोरगी.

भाद्रपदात सर्वपित्री आली. स्वयंपाक झाला, खीर, वडे, कढी, भजी, कुरडई. गच्चीच्या कठड्यावर आत्याबाई एकेका माणसाचं नाव घेऊन घास ठेवायला लागल्या. सासऱ्यांचा, आजेसासऱ्यांचा, कुणा थोरल्या चुलत्याचा. "आन् हा नंदूचा."

"अहो आत्याबाई, तो सिनेमातला!"

"सिनेमातला आसंल, पन पोरच ना? बाप लढाईवर, माय एकली. कोन ठेवनार त्याला?"

कावळे आले. सासरे जेवले, आजेसासरे जेवले, चुलते तर पहिल्या झटक्यात जेवले. नंदूच्या घासाला मात्र एकही कावळा शिवेना! बरोबरच होतं म्हणा, मेलाच नव्हता तर शिवणार कसा? पण हे मला ठाऊक नव्हतं. मला इतकंच ठाऊक होतं, की कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवणार नाही, मला तिसरा महिना आहे, आणि लक्ष ठेवायला मलाच गच्चीवर बसवलंय. खालून आमचे हे ओरडत होते, "शिवला का गं?" वडा समोर होता. खिरीत वेलदोडा होता. मी पाण्याच्या टाकीमागे गेले आणि नंदूचा घास खाऊन टाकला.

"शिवला!" मी वरून ओरडले.

तेव्हापासून दर वर्षी नंदूचा कावळा मीच. गंमत म्हणजे घास दर वर्षी वाढत गेला. एका वड्याचे दोन झाले, द्रोणाच्या जागी वाटी आली, पुढे तर अळूवडीही यायला लागली. मला वाटायचं, बाईंचा काय जीव आहे त्या पोरावर! एकदा तोच सिनेमा दूरदर्शनवर लागणार होता, तर मी गच्चीवर जाऊन अँटेना मालेगावच्या दिशेला फिरवून आले. घरात टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसल्या. म्हणजे शेवट पाहायची एकमेव संधी मी स्वतःच्या हाताने घालवली, यावरून माझ्या हुशारीची कल्पना यावी.

वर्षं गेली. नव्वदचं दशक अर्धंअधिक सरलं. मुलगा महेश कॉलेजात गेला. आणि ऐन पितृपक्षात एके दिवशी तो ओरडतच घरात शिरला.

"आजी! नंदू परत येतोय!"

"या दिवसांत यायचाच," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या.

"तसा नाही गं! थेटरात! दुसरा भाग काढलाय. केवढं पोस्टर लागलंय!"

माझ्या हातातली पळी कढईत पडली. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मेलेलं पोर दुसऱ्या भागात कसं येईल गं, सुमन?"

"आठवणीत येत असेल," मी म्हटलं.

आणि ज्या बाईने जन्मात थेटराची पायरी चढली नव्हती, ती म्हणाली, "मंग मला जायाचंय. आपल्या नंदूला येकदा डोळ्यानं पाहू दे."

आमच्या ह्यांनी अंबडच्या कारखान्यातून सुट्टी टाकली. आत्याबाई ठेवणीतलं इरकली लुगडं नेसल्या. पिशवीत त्यांनी राजगिऱ्याचा लाडू घेतला होता. कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

दिवे गेले. पहिल्याच दृश्यात तोच पूल, तेच धुकं, तेच बूट! टप, टप, टप. आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, देवा, उडू दे तो पूल. एवढं कर, पुन्हा कधी खोटं बोलणार नाही. डोळे उघडले तेव्हा नंदू पूल ओलांडून चौकीवर पोचला होता आणि एक हवालदार त्याला दूध पाजत होता.

"आगं, हा तर वाचला!" आत्याबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की पुढच्या तीन रांगा मागे वळल्या.

"हा जुळा भाऊ असेल," मी कुजबुजले.

त्याच क्षणी पडद्यावर नंदूची आई धावत आली, हात पसरले आणि किंचाळली, "मेरा इकलौता बेटा!"

मी खुर्चीत खाली खाली सरकत गेले.

मग 'कई साल बाद' अशी पाटी आली आणि तिच्यामागून जे आलं, ते कुठल्याही आईवर येऊ नये! पोट सुटलेला, केस रंगवलेला एक चाळिशीचा गृहस्थ, अंगात मोहरीच्या रंगाचा स्वेटर, पायांत पांढरेशुभ्र बूट, परदेशातल्या कुठल्याशा बागेत एका मुलीभोवती गोल गोल पळत होता. हा म्हणे नंदू! लढाई त्याने एका गाण्यात आटोपली. ज्या पोराने रेशनच्या रांगेत म्हातारीला जागा दिली, तो इथे बँकेत रांग मोडून पुढे घुसला आणि तो म्हणे विनोद! गाव नाही, गोठा नाही, म्हैस नाही. मी स्वतःची भीतीसुद्धा विसरले. माझा नंदू! अर्ध्या सिनेमाइतकाच मला माहीत असलेला, पण माझा! रडायला आलं, पण रडण्यासारखंही काही चाललेलं नव्हतं.

"बापाचे बूट कुठं हाईत ह्याचे?" आत्याबाई एकदाच बोलल्या.

मध्यंतरात आमचे हे वडापाव खाता खाता म्हणाले, "काय गं, पहिल्या भागाचा शेवट तू पाहिला होतास ना?"

"पाहिला म्हणजे काय! नाशिकला आलेल्या रिळांत तो मेला होता!"

महेश माझ्याकडे बघतच राहिला.

घरी आल्यावर आत्याबाईंनी लाडू पिशवीतून काढून देवापुढे ठेवला आणि जेवणाच्या ताटाला हात लावला नाही.

"जित्या पोराला घास ठेवला मी. आयुष्य तोडलं त्याचं."

"आयुष्य कसलं तोडता, आत्याबाई? पोट पाहिलंत का त्याचं?"

"ते माझ्याच खिरीनं!"

दुसऱ्या दिवशीही त्या जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला रामकुंडावर ने. इचारू दे, ह्याला पितरातून परत कसा काढायचा." सत्तरी ओलांडलेली बाई, दोन दिवस पोटात फक्त चहा, आणि हे सगळं कशामुळे, तर मी एक वाक्य खरं बोलले नाही म्हणून! वाटेत तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं.

रामकुंडावरच्या गुरुजींनी शांतपणे विचारलं, "मुलगा गेला कुठे?"

"पुलावर," आत्याबाई म्हणाल्या.

"आणि परत कधी आला?"

"परवा. मॅटिनीला."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी गोदावरीकडे पाहिलं. सगळी हकिकत त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, "मावशी, एवढंच सांगा. कावळा शिवायचा का?"

आत्याबाईंनी मान वळवली आणि माझ्याकडे एकटक पाहत म्हणाल्या, "दर साली. पहिल्या झटक्यात."

"मग मिटलं! जिवंत माणसाच्या घासाला कावळा शिवत नाही. पडद्यावर पाहिलात तो तोतया. तुमचा नंदू गेला."

"गेला ना?" आत्याबाई उठल्या. "चल सुमन, भूक लागली."

आता माझी झोप उडाली. बाई जेवल्या खऱ्या, पण कुणाच्या भरवशावर? कावळ्याच्या! आणि कावळा कोण?

सर्वपित्री आली. मी ठरवलं, यंदा खायचं नाही. खरा कावळा काय करेल ते करेल. नंदूचा घास कठड्यावर होता. दोन वडे, वाटीभर खीर, अळूवडी. मी टाकीला टेकून बसले. बाकीचे सगळे घास उडाले. नंदूचा तसाच. ऊन डोक्यावर आलं. खालून ह्यांच्या हाका सुरू झाल्या. शेवटी मी जिना उतरले, स्वयंपाकघरात आत्याबाईंसमोर उभी राहिले आणि रडायलाच लागले.

"आत्याबाई, कावळा शिवत नाही."

त्यांनी वर न बघता विचारलं, "का? पोट बिघडलं का त्याचं?"

माझं रडं जागीच थांबलं.

"पहिल्या साली तुझ्या पदराला खीर लागलेली व्हती. पोटुशी पोर, दुपार उलटून गेलेली, आन् घरात रीत अशी, का पितर जेवल्याबिगर सुनंला घास नाय. मी काय करू? मंग नंदूचा घास वाढवत गेले."

"आणि तुम्ही एवढी वर्षं..."

"वाट पाहू ऱ्हायले व्हते, कव्हा बोलते ते. तुझ्या तोंडातून शब्द निघंना, तर म्हनलं गुरुजीपुढं तरी निघंल. नाय निघाला! गोदावरी पाहत बसली."

"पण तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, ते?"

आत्याबाईंनी पदराने डोळे पुसले. "ते खरं व्हतं. तो स्वेटरवाला पाहून जेवन जातंय का? शेवट तू पाह्यला नाय, ते थेटरातच कळलं मला. पन तू मारला तेच बरं केलं, बाई. जगून असा व्हनार आसंल, तर आपला पुलावरच बरा." मग त्यांनी वाटीत अजून एक डाव खीर ओतली आणि माझ्या हातात दिली. "जा वर, शिवून ये. आन् जिना हळू चढ. कावळा आताशा लय धापा टाकतो."

मी वर गेले. समोरच्या भिंतीवर पाच-सहा कावळे ओळीने बसले होते. वाटी भरलेली, वडे तसेच, आणि तरी एकही जागचा हलला नाही. इतक्या वर्षांत त्यांनाही कळलं असावं, आमच्यात थोरली कोण ते!