मानेची विद्या

गोदामात त्याला सगळे खांब म्हणत. दोघांनी धरायचं पोतं तो एकटा मानेवर घेई आणि फळीवरून असा चालत जाई, की आत धान्य नसून कापूस भरलाय असं वाटावं. नवा हमाल कामावर आला की मुकादम त्याला खांबापुढे उभा करी. मग खांब गुरुजींच्या ऐटीत, सावकाश सांगे, "हनुवटी छातीला टेकव. मान खाली. ओझं मानेच्या मुळावर येऊ दे. वर बघितलंस की मेलास."

ही विद्या त्याला बापाने दिली होती आणि ती खरी होती. त्याच मानेवर त्याने घर उभं केलं, बायको गेल्यावर लेक वाढवली, नवऱ्याने टाकलेल्या बहिणीला आसरा दिला.

लेक बापाच्या अंगाने वाढली. रुंद खांदे, दणकट पावलं. कापडगिरणीत कामाला लागली आणि गिरणीच्या मुलींच्या रग्बी संघात शिरली. पहिल्याच आठवड्यात खांदा काळानिळा करून घरी आली, तेव्हा खांब हसला.

"अगं, धडक अशी घेतात होय? ये इकडे."

मागच्या अंगणात त्याने भुशाचं पोतं दोरीने टांगलं आणि बापाची विद्या लेकीला दिली. कितीतरी संध्याकाळी दोघं त्या पोत्याला भिडत. आत्या खिडकीतून म्हणे, "पोरीचा बैल करून ठेव. मग नवरा शोधू नकोस, गाडी शोध."

आणि मग एका सामन्यात, समोरून धावत येणाऱ्या मुलीला पाडताना लेकीची मान मोडली. छातीखालचं अंग गेलं. हात खांद्यातून हलत, पण बोटं मिटत नसत. दवाखान्यातून घरी आणल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राही.

"कसं झालं गं?" खांब विचारी.

"खेळात होतं, बाबा."

याच्यापुढे शब्द नाही. खांबाला ते पुरेना. कुणीतरी चुकलं असणार. समोरची पोर आडदांड असेल, पंचाचं लक्ष नसेल, शिकवणाऱ्या कोचबाईंनी हयगय केली असेल. ज्याने केलं त्याचं तोंड त्याला एकदा बघायचं होतं. पण खेळच माहीत नसताना बघून त्याला काय कळणार? सुट्टीच्या दिवशीच गोदामात जास्त गाड्या लागत, त्यामुळे लेकीचा एकही सामना त्याने बघितला नव्हता.

एका सकाळी चहा घेऊन तो खाटेपाशी बसला आणि म्हणाला, "मला तुझा खेळ शिकव."

लेकीने भिंतीकडचं तोंड वळवलं. "तुम्हाला? कशाला?"

"गिरणीच्या मुलींचा सामना आहे म्हणे. बघून येतो आणि तुला सांगतो."

आत्या शिवणकाम करायची. तिने बटणांचा डबा आणून दिला. "हरवू नका. लोकांच्या सदऱ्यांची आहेत."

लेकीच्या पायांवरच्या चादरीचं मैदान झालं. पांढरी बटणं आपली, काळी समोरच्यांची. ती सांगेल तसं खांब जाड बोटांनी बटणं सरकवी. चेंडू लांबट, दोन्हीकडे निमुळता, म्हणून जमिनीवर पडला की कुठे उडेल याचा नेम नाही. तो घेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे जायचं आणि हाताने जमिनीला टेकवायचा. नुसतं पोचून भागत नाही, टेकवावाच लागतो. त्याला ट्राय म्हणतात. पायाने चेंडू पुढे मारलेला चालतो, हाताने मात्र मागच्यालाच द्यायचा.

"मागे फेकत पुढे जायचं?" आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली. "म्हणजे आपलं घर चालतं तसंच."

लेक हसली. कित्येक महिन्यांनी हसली. आत्याचा दोरा हुकला.

मग स्क्रम. दोन्हीकडच्या दांडग्या पोरी एकमेकींच्या काखेत हात घालून वाकतात, खांद्याला खांदा लावून रेटतात, मधे चेंडू सोडतात. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला तर रांगा लावून एकीला वर उचलतात, तिने तो हवेत झेलायचा. ज्याच्या हातात चेंडू त्यालाच पाडता येतं. पडला की त्याने चेंडू सोडायचा, पाडणाऱ्याने त्याला सोडायचं. बोलता बोलता तिच्या गालांवर रंग येई. समजून घेण्याच्या नादात खांब एकदा तिच्या गुडघ्यावर बटण जोरात दाबत राहिला. तिला कळलंही नाही. मग त्याने हात काढून घेतला.

सामन्याच्या दिवशी तो लवकर पोचला. मैदानाच्या कडेला कोचबाई गवतावर गुडघे टेकून बसल्या होत्या. नव्या मुलींचा तो पहिलाच दिवस होता. त्यांच्या हातात चेंडू दिलाच नव्हता. एकेकीला पुढे बोलावून बाई तिचं डोकं दोन्ही हातांत धरत आणि बाजूला वळवत.

"खांद्याने भिडायचं. डोकं समोरच्या मुलीच्या मागच्या बाजूला. डोळे उघडे, मान वर. कुणी खाली बघायचं नाही. हे जमेपर्यंत चेंडू नाही."

एका मुलीने वाकताना हनुवटी छातीला लावली. बाई तिथेच ओरडल्या, "मान मोडून घेशील. वर बघ."

खांब पुढे झाला. सगळं भांडण तो पाठ करून आला होता. बाईंनी त्याला ओळखलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"हे माझ्या लेकीला सांगितलं होतं?" त्याने विचारलं.

"रोज," बाई म्हणाल्या. "बाकी सगळं तिला एकदा दाखवलं की यायचं. एवढंच सुटत नव्हतं. ताजी असली की बरोबर करायची, दमली की मान खाली घालायची. ही खोड कुठून लागली म्हणून विचारलं, तर हसून टाळायची." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या दिवशी ती दमली होती, काका. मी तिला बाहेर बसवायला हवं होतं. मला झोप लागत नाही."

खांबाचा हात आपोआप मानेमागे गेला. तिथे पोत्यांनी पाडलेला घट्टा होता, टाचेसारखा कठीण. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्याला वाटलं, हे ओझं यांच्यावरच राहू दिलं तर कुणाला कळणार आहे?

"नाही बाई," तो म्हणाला. "ते तुमचं नाही. ती खोड घरातली आहे. मी लावलेली."

बाई काहीतरी बोलल्या. त्याला ऐकू आलं नाही. सामना सुरू झाला, तो मैदानाभोवतीच्या दोरीपाशी उभा राहून शेवटपर्यंत बघत राहिला, कारण सांगायचं कबूल केलं होतं.

घरी आला तेव्हा लेक उशांना टेकून वाट बघत होती. "बसा. पहिल्यापासून सांगा."

तो बसला. टोपी काढली. "तू मला सगळं शिकवलंस. डोकं कुठे ठेवायचं, ते नाही शिकवलंस."

आतल्या खोलीत आत्याचं मशीन थांबलं.

"राहून गेलं," लेक म्हणाली.

"तो तर पहिला धडा असतो."

लेकीने त्याच्या हातातल्या टोपीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही इतक्या हौसेने ते पोतं टांगलं होतं."

खांबाने आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती, ओझ्याशिवाय. आता ती वर येईना. "राग येतो का माझा?"

"येतो," ती म्हणाली. "रोज सकाळी येतो. तुम्ही चहा घेऊन येता, मला पाजता, तोंड पुसता. मग जातो. दुसऱ्या दिवशी परत येतो."

"येऊ दे."

"रडू नका. मला तुमचे डोळे पुसता येत नाहीत."

त्याने बाहीने तोंड पुसलं.

"आता सांगा. माझ्या जागेवर कोण होती?"

"एक ठेंगणी. केस कापलेली."

"ती? तिला पळता येत नाही धड."

"पळत नाही. पण भिडते." खांबाने सामना पहिल्यापासून सांगायला घेतला. कोण कुणाला भिडलं, कोण पडलं, आणि दर वेळी डोकं कुठे होतं, तेही सांगितलं. ठेंगणीचं एकदा चुकता चुकता वाचलं, तेव्हा लेकीने डोळे मिटून घेतले. तो थांबला.

"थांबू नका," ती म्हणाली. "पुढे?"